कच्चं कौल

वचनं मला पाठ आहेत.
खानापूरच्या आमच्या छोट्या देवळात
रविवारशाळेची तीन बक्षिसं माझ्या नावावर आहेत :
एक पितळी डबा, एक भिंतीवरचं घड्याळ,
आणि एक पेन, जे अजून चालतं.

त्या रविवारी उपासना सुटली
तेव्हा फाटकाशी नीलव्वा उभी होती,
मलप्रभेपलीकडच्या कौलांच्या भट्टीवरची.
दुधाच्या पिशवीत घडी घातलेला कागद
तिनं दोन्ही हातांनी पुढं केला.
"निमग ओदाक बरतैतल्ला?"
वाचता येतंय न्हवं तुम्हाला?

येतंय की.
एकतीस वर्षं वीज ऑफिसात काढली,
घरी मराठी, टेबलावर कन्नड.
पण आत मंडळी खोळंबली होती,
अभ्यासवर्गाचा विषय होता, 'शेजारी कोण?'
"नाळे बा," म्हटलं. उद्या ये.

आत दोन तास छान चर्चा झाली.
मी मूळ भाषेतला शब्द फोडून दाखवला,
इम्मानुएल चौगुल्यांनी तो वहीत उतरवला,
खारी आली, चहा आला,
पाळकसाहेब म्हणाले, आज खोल गेलो आपण.
बाहेर आलो तर पायरीवर
लाल मातीची दोन पावलं,
आणि शिपाई त्यावर बादली ओतत होता.

सोमवारी ती आली नाही.
रोज बुडवून कोण येतंय?
मंगळवारी मी विसरलो.
गुरुवारी रात्री वीज गेली.
झोप येईना म्हणून सवयीनं वचनं म्हणत पडलो,
एकामागून एक, न अडखळता,
आणि दर वचनाच्या शेवटी
तीच ती दारात उभी :
वाचता येतंय न्हवं?

शुक्रवारी सायकल काढली.

भट्टीवर ओळीनं वाळत घातलेली कौलं,
सावलीत, सुबक, शिक्का उठलेली.
एक पोरगं ती गाडीत भरायला लागलं होतं,
बाळाप्पा मिस्त्री त्याच्यावर खेकसला,
एक कौल उचलून हौदात सोडलं.
बघता बघता शिक्का गेला, कड गेली,
तळाशी नुसता गाळ.
"आकार हाय, नाव हाय,
पर इस्तू बघितलाय का ह्यानं?"
तो त्या पोराला बोलत होता.
मी उगाच चष्मा पुसला.

नीलव्वानं कागद काढला.
हयातीचा दाखला. मुदत बुधवारी संपलेली.
तिला तसं सांगितलं.
ती मला काही बोलली नाही,
विटांच्या थप्पीवर पोतं अंथरलं, "कुंद्री."
बसलो.
बक्षिसाच्या पेनानं पहिल्यांदाच
दुसऱ्या कुणाचं नाव लिहिलं.
तिचा अंगठा तीनदा टेकवला, तीनदा कोरा,
रेषा सगळ्या मातीनं झिजवलेल्या.
चौथ्यांदा कशीबशी एक उमटली.
खाली छापलेलं होतं :
वरील व्यक्ती हयात आहे,
मी स्वतः पाहिले आहे.
नीलव्वा हसली, "एवढं लिहायला माणूस लागतं?"
सही करताना हात थांबला.
ती हयात होती, त्यात शंका नव्हती.

तालुका कचेरीत तिला घेऊन गेलो.
कारकुनानं कागद ठेवून घेतला,
दोन महिन्यांची पेन्शन गेली ती गेलीच.
ते पैसे मी द्यायला गेलो, तिनं घेतले नाहीत.
"पुढल्या वर्षी लवकर वाचा," म्हणाली,
आणि शेजारच्या खोपटातल्या दोघींचे कागद
माझ्या मांडीवर ठेवले.

या रविवारी पाठ वाचायची पाळी माझी होती.
मधल्या एका ओळीवर नजर उचलली,
फाटकाकडं गेली.
कुणी उभं आहे का, एवढंच बघायचं होतं.
ओळ चुकली.
बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा.
पाळकसाहेबांनी दचकून वर पाहिलं.
मी बोट ठेवून जागा शोधत राहिलो,
आणि फाटक
उघडंच होतं.